लिहिणाऱ्यांच्या ग्रुपसाठी वर्षभराची व्याख्यानं, कार्यशाळा आणि निवासी शिबिरं: नाशिकमध्ये हे कसं जमवायचं

गेल्या रविवारी आमच्या ग्रुपचं पुढच्या वर्षाचं वेळापत्रक ठरवायला आम्ही सातजण एकीच्या घरी बसलो होतो. तीन तास बोलून झाल्यावर लक्षात आलं की कुठला हॉल कसा आहे, कुठल्या महिन्यात काय करू नये, पाहुण्यांना कुठल्या गाडीनं बोलवायचं हे सगळं दोघातिघांच्या डोक्यात आहे आणि कागदावर कुठंच नाही. उद्या आम्ही नसलो तर पुढच्यांनी परत शून्यापासून सुरू करायचं का? म्हणून हे सविस्तर लिहितेय. तुमचा ग्रुप सिडकोत असो, पंचवटीत असो नाहीतर निफाड-सिन्नरला, यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा, बाकी सगळं तिच्यावर उभं राहतं. नाशिकमध्ये ऐकायला भरपूर आहे. १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, कुसुमाग्रज स्मारकात सतत काही ना काही चालू असतं, मे महिन्यात गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणावर शंभर वर्षांची परंपरा असलेली वसंत व्याख्यानमाला असते, २०२१ च्या डिसेंबरात ९४ वं साहित्य संमेलनसुद्धा इथंच झालं. आपल्याकडे कमी आहे ती बसून लिहायची जागा, आणि लिहिलेलं कुणीतरी नीट वाचून खरं काय ते सांगेल अशी माणसं. वीस-पंचवीस जणांच्या छोट्या ग्रुपनं पैसा आणि ताकद त्याच्यासाठी वापरावी. माझं गणित सरळ आहे, आपल्या कार्यक्रमातून माणूस घरी जाताना त्याच्या वहीत स्वतःचं निदान पानभर नवं लेखन असलंच पाहिजे.

सुरुवात विचारण्यापासून

वक्ता कोण बोलवायचा यावर लगेच चर्चा सुरू होते, ती थांबवा. आधी प्रत्येकाला फोन करा, मेसेज नको, फोनच. तीनच प्रश्न विचारायचे: सध्या काय लिहिताय, कुठं अडलंय, आणि महिन्यातला कुठला दिवस खरंच मोकळा मिळतो. ग्रुपवर पोल टाकला की सगळे 'कथा' नाहीतर 'कविता'वर टिक करून मोकळे होतात, पण फोनवर एखादी सांगते की कादंबरीची ऐंशी पानं झालीत आणि पुढं पात्रं हलेनात, एखादा म्हणतो मला अहिराणीत लिहायचंय पण संवाद अहिराणीत आणि निवेदन प्रमाण मराठीत ठेवायचं की सगळंच बोलीत हे कळत नाही. हे अडलेले मुद्दे एका कागदावर काढले की वर्षाचे विषय आपोआप समोर येतात. आमच्याकडे यंदा त्यातूनच तीन विषय निघाले, बोलीतलं लेखन, लांब कथेचा मधला भाग, आणि प्रकाशकाशी करार करताना काय बघायचं.

तो तिसरा विषय लोक टाळतात, टाळू नका. आपल्याकडे कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे आणि साहित्यकृतीवरचा हक्क लेखकाच्या आयुष्यभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. म्हणजे कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, तर त्यांच्या लेखनावरचा हक्क २०५९ अखेरपर्यंत आहे, त्यांची अख्खी कविता आपल्या संग्रहात छापायची तर परवानगी लागतेच. आणि आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, सरकारी यंत्रणेकडून फुकट मिळतो हे कितीतरी जणांना माहीतच नसतं. एखाद्या वकिलाला आणि एखाद्या छपाई करणाऱ्याला एकत्र बसवून दोन तास बोललात तर लोकांचे पैसे वाचतील.

तारखा: इथं सगळ्यात जास्त चुका होतात

कॅलेंडर घेऊन बसा आणि आधी काट मारा. २७ फेब्रुवारी, कुसुमाग्रजांचा वाढदिवस, मराठी भाषा गौरव दिन, त्याच्या आगेमागे आठवडाभर शहरात हॉल मिळत नाही आणि चांगले वक्ते आधीच कुठंतरी बांधलेले असतात. शिवाय कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा जनस्थान पुरस्कार दर २ वर्षांनी त्याच सुमारास असतो. त्या आठवड्यात आपण आपलं काही ठेवू नये, सगळ्यांनी मिळून ऐकायला जावं. मे महिन्यातल्या संध्याकाळीही तसंच, व्याख्यानमालेतली तीन-चार व्याख्यानं निवडून एकत्र जा, नंतर तिथंच घाटावर बसून अर्धा तास बोला, एक पैसा खर्च न होता महिन्याचा कार्यक्रम होतो.

जानेवारी ते मार्च द्राक्षाची काढणी. निफाड, दिंडोरीकडचे आमचे चार-पाच सभासद बागायतदार आहेत, व्यापारी कधी येईल आणि कधी ढग येतील याच्यात त्यांचा जीव अडकलेला असतो, त्यांना त्या दिवसांत शिबिराला या म्हणणं बरं नाही. ऑक्टोबरात छाटणी. मार्च-एप्रिलमध्ये शिक्षक मंडळी पेपर तपासण्यात. पौषात निवृत्तिनाथांची यात्रा आणि श्रावणी सोमवारी, त्यातही तिसऱ्या सोमवारी, त्र्यंबकच्या रस्त्याला गाडी घालूच नका. चैत्रात आणि नवरात्रात वणीच्या गडाचं तेच. आणि २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाची स्नानं आहेत, तेव्हा नाशिक-त्र्यंबक भागात राहायच्या जागेचा विचारच सोडा, त्या वर्षीचं शिबिर आत्ताच डिसेंबरात टाकून ठेवा.

उरतं काय? जूनचा शेवट ते जुलै, आणि दिवाळी झाल्यापासून डिसेंबर अखेर. यातला जून-जुलै कार्यशाळेसाठी सोन्यासारखा, कारण दिवाळी अंकांना साहित्य पाठवायची मुदत साधारण जुलै-ऑगस्टमध्ये असते, म्हणजे कार्यशाळेत सुरू झालेली कथा दोनदा दुरुस्त करून वेळेत पाठवता येते. शिबिर मात्र थंडीतच.

व्याख्यान

व्याख्यान वर्षातून दोन, फार तर तीन. वक्त्याला 'मराठी कथेची वाटचाल' असा विषय देऊ नका, तो कुठूनही सुरू होतो आणि कुठंच पोचत नाही. प्रश्न द्या. 'तुमच्या अमुक कथेचा शेवट तुम्ही किती वेळा बदलला आणि का' असं विचारलं की मोठमोठे लेखक मनापासून बोलतात, जमलं तर जुने खर्डे घेऊन येतात. पत्रातच लिहा: बोलणं ४० मिनिटं, प्रश्न ३० मिनिटं, श्रोते ३० च्या आसपास, सगळे स्वतः लिहिणारे. मानधनाचा आकडाही त्याच पत्रात लिहा. लेखकाला पैशाचं विचारताना आपल्याकडे उगाच संकोच करतात आणि मग शेवटी पाकिटात काय घालायचं यावर जिन्यात कुजबुज चालते, ते फार वाईट दिसतं. कमी असेल तर कमी लिहा, पण आधी लिहा.

मुंबईहून येणाऱ्यांना सकाळची तपोवन एक्सप्रेस सोयीची, साडेनऊ-दहाच्या सुमारास नाशिकरोडला उतरतात आणि परत संध्याकाळच्या तपोवननं जाता येतं, फक्त त्या महिन्याची वेळ बघून घ्या. पंचवटी एक्सप्रेस सकाळी मुंबईकडे जाते आणि संध्याकाळी तिकडून निघते, त्यामुळं तिनं येणारा पाहुणा रात्री पोचतो, मुक्कामाची सोय धरून चला. नाशिकरोड स्टेशन शहरापासून आठ-नऊ किलोमीटर आहे, न्यायला माणूस पाठवाच. पुण्याहून संगमनेर-सिन्नरमार्गे २०० किलोमीटरच्या वर, पाच तास धरा आणि आदल्या रात्रीच बोलवा.

हॉल ठरवताना खुर्च्या मोजण्याआधी आवाज ऐका. तीस जणांसाठी मोठं नाट्यगृह घेऊ नका, माणसं विखरून बसतात आणि बोलणाऱ्याचा उत्साह जातो. वाचनालयाची खोली, शाळेचा वर्ग, सोसायटीचा हॉल चालतो. एकदा आम्ही एका हॉलमध्ये पंख्याच्या आवाजाची चौकशीच केली नव्हती. मे महिना, पंखे बंद करता येईनात, आणि ज्येष्ठ कवयित्री इतक्या हळू आवाजात बोलत होत्या की तिसऱ्या रांगेपलीकडे काही पोचलं नाही. त्यांनी दोन महिने तयारी केली होती. मला त्याचं अजून वाईट वाटतं. तेव्हापासून मी त्याच वेळेला, पंखे लावून, शेवटच्या रांगेत बसून एकाला पुढून वाचायला लावते.

दीपप्रज्वलन, सत्कार, परिचय, आभार मिळून १० मिनिटं. परिचय दोन मिनिटांत, आणि त्यात पुरस्कारांची यादी न वाचता लेखकाचाच एक परिच्छेद वाचा. प्रश्न चिठ्ठ्यांवर घ्या, म्हणजे लाजणारेही विचारतात आणि प्रश्नाच्या नावाखाली स्वतःची कविता म्हणणाऱ्यांना आवर बसतो.

कार्यशाळा, म्हणजे खरं काम

१२ ते १५ जण. सोळावा आला तर त्याला पुढच्या वेळचं नाव लिहून द्या, पण आकडा वाढवू नका, कारण प्रत्येकाला वाचायला ५ आणि त्यावर बोलायला ५ मिनिटं धरली तरी १५ जणांचे अडीच तास होतात. सकाळी १० ते संध्याकाळी ५. सकाळी लिहायचं, जेवणानंतर वाचायचं. उलटं केलं तर जेवणानंतर लिहिताना अर्धे पेंगतात.

आमचा एक सराव सांगते, तो कुठल्याही ग्रुपला जमेल. प्रत्येकानं घरातलं नाव कोरलेलं एक भांडं आणायचं. भांडीबाजार आणि तांबट लेन असलेल्या गावात हे सांगायला नको, प्रत्येक घरात मामाकडून, आत्याकडून आलेलं, ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलेलं काहीतरी असतंच. पहिली १० मिनिटं फक्त डोळ्यांना दिसतं ते लिहायचं, आठवण, माया, ऊब असले शब्द बंद. पुढची १० मिनिटं भांड्यावरची अक्षरं आहेत तशी उतरवायची आणि अक्षरांबद्दल लिहायचं. मग चहा. मग ४० मिनिटं, या भांड्याचा एक दिवस.

एक शिक्षिका पितळेचा डबा घेऊन आल्या होत्या. त्यांचं पहिलं वाक्य होतं, 'हा डबा म्हणजे जुन्या आठवणींचा ठेवा.' मी म्हटलं बाई, ते राहू द्या, वर काय कोरलंय ते वाचा. त्यांनी चष्मा पुसला, डबा उजेडाकडे धरला. सौ. लिहिलेलं, पुढं आईचं नाव, आडनावातलं एक अक्षर चुकलेलं, आणि खाली तारीख ६-५-७३. तारीख वाचून त्या थांबल्या. ७३ चा मे म्हणजे दुष्काळ ऐन भरात. मग त्यांना आठवलं की आई सांगायची, लग्नात पंगतीला मिलोची भाकरी होती, रेशनवर मिळणारी ती परदेशातली लाल ज्वारी, आणि वरपक्षातलं कुणीही काही बोललं नाही कारण त्यांच्याही घरी तेच होतं. चाळीस मिनिटांत त्यांनी दोन पानं लिहिली, पंगत, भाकरीचा रंग, आणि अशा वर्षात पितळेचा डबा द्यायला पैसे कुठून आणले असतील हा प्रश्न. ठेव्याचं वाक्य त्यांनीच खोडलं.

दुसरा एक अर्ध्या दिवसाचा सराव पांडवलेणीवर होतो. सकाळी सातला जा, पायऱ्या चढायला वीसेक मिनिटं लागतात, गुडघे दुखणाऱ्यांना आधी सांगा. तिथल्या एका लेण्यात सातवाहनांच्या काळातला गौतमी बलश्रीचा प्राकृतातला लेख आहे, गौतमीपुत्र सातकर्णी हा तिचा मुलगा, आणि तो गेल्यावर नातवाच्या राज्यात आईनं त्याचं वर्णन कोरून ठेवलंय. त्याचा मराठी अनुवाद छापून न्या, लेण्यासमोर मोठ्यानं वाचा आणि मग सांगा, आपल्या माणसाबद्दल दगडावर मावेल एवढंच लिहा, १२ ओळी. शब्द मोजून लिहायची सवय याच्यातून जशी लागते तशी कुठल्याच भाषणातून लागत नाही.

आता वाचनाचे नियम, हे फळ्यावर लिहूनच ठेवा. वाचणाऱ्यानं आधी खुलासा करायचा नाही. ऐकणाऱ्यांनी आधी सांगायचं की त्यांना काय दिसलं, मग कुठं लक्ष सुटलं, मग एखादा प्रश्न. 'छान' आणि 'मी असतो तर असं लिहिलं असतं' हे दोन्ही बंद. लेखकानं तोपर्यंत गप्प राहून टिपून घ्यायचं आणि शेवटी दोन मिनिटं बोलायचं. सुरुवातीला हे कडक वाटतं पण दोन बैठकांनंतर सगळ्यांना याचीच सवय होते, आणि नवीन माणूस घाबरत नाही कारण त्याच्यावर कुणी तुटून पडत नाही.

आधी मजकूर मागवणार असाल तर १,००० शब्दांपर्यंत, चार दिवस आधी, आणि युनिकोडमध्येच. जुन्या फॉन्टमधल्या फाइली मोबाइलवर उघडल्या की नुसती चिन्हं दिसतात. ज्यांना टायपिंग जमत नाही त्यांच्या हस्तलिखिताचे फोटो घेऊन ग्रुपमधल्या एखाद्या कॉलेजच्या मुलानं टाइप करून द्यावं, आमच्याकडे दोन मुलं हे आनंदानं करतात आणि त्या बदल्यात त्यांची फी आम्ही घेत नाही.

जाहिरात साधी. आमची यंदाची अशी आहे: 'रविवार, सकाळी १० ते ५. जागा १४. फी ६०० रुपये, जेवण-चहा धरून, विद्यार्थ्यांना निम्मी. नाव कोरलेलं एक भांडं, वही आणि दोन पेनं आणा. आधी लिहिलेलं पाठवायची गरज नाही. कविता लिहिणाऱ्यांनीही यावं, पण दिवसभर गद्य लिहायचं आहे.' शेवटचं वाक्य महत्त्वाचं, कारण आपण काय करणार नाही हे सांगितलं की गैरसमज होत नाहीत.

निवासी शिबिर

शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार, दोन रात्री, १०-१२ जण. पहिल्यांदाच करत असाल तर शहरापासून तासाभराच्या आतली जागा घ्या, गंगापूर धरणाची बाजू, अंजनेरी, दिंडोरीकडचा एखादा मळा. इगतपुरी पावसाळ्यात सगळ्यांना हवी असते पण तिथला पाऊस म्हणजे पाऊस, कागद मऊ पडतात, वीज जाते, माणसं खिडकीशी बसून भजी खातात आणि वह्या बंद राहतात. डिसेंबरात नांदूरमध्यमेश्वरजवळ सोय झाली तर उत्तम, पक्षी आलेले असतात, पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलेलं महाराष्ट्रातलं ते पहिलं ठिकाण, पहाटे पाण्याच्या कडेला दीड तास गप्प बसायला मिळतं.

जागा बघायला फोटोवर विसंबू नका, स्वतः जा, आणि शिबिराचा जो वार असेल त्याच वारी संध्याकाळी जा. आम्ही एक फार्महाउस मंगळवारी दुपारी बघून ॲडव्हान्स दिला, इतकी शांतता की विचारू नका. शनिवारी शेजारच्या लॉन्सवर हळद होती, रात्री उशिरापर्यंत डीजे. एक ताई फक्त लिहायला म्हणून मुलांना सासूबाईंकडे ठेवून आल्या होत्या, पहिल्यांदाच घराबाहेर दोन रात्री. त्यांची ती रात्र गेली ती गेलीच. आता मी लग्नाच्या तिथी बघते, शेजारी लॉन्स आहे का विचारते, आणि मालकाला सांगते की आम्ही लिहायला येतोय.

बघताना टेबलं मोजा. पलंग सगळे दाखवतात, पण लिहायला टेबल-खुर्ची बारा जणांना आहे का? नसेल तर मंडपवाल्याकडून घ्या. टेबलाजवळ दिवा, चार्जिंगचे पॉइंट, बायकांच्या खोलीला आतून कडी, पाश्चात्त्य पद्धतीचा एक तरी संडास, जवळचा दवाखाना किती लांब. मोबाइलला रेंज नसेल तर चांगलंच, पण घरच्यांना देण्यासाठी मालकाचा नंबर हवा.

वेळापत्रक मोकळं ठेवा. सकाळी साडेसहा ते नऊ मौन आणि लेखन, चहा टेबलावर. मग नाश्ता, हवी तर मिसळ, पण शनिवारी नको, जड होऊन झोप येते, रविवारी द्या. दहा ते साडेबारा परत लेखन, या वेळात मार्गदर्शक एकेकाला २० मिनिटं वेगळं भेटतात. दुपारी आराम. चार ते सहा वाचन. रात्री जेवणानंतर दुसऱ्यांचं वाचायचं, आपल्या जिल्ह्यातल्या बाबुराव बागुलांची एखादी कथा, वामनदादा कर्डकांची गाणी. स्वतःच्या कवितांची मैफल रात्री लावू नका, ती दोन वाजेपर्यंत चालते आणि सकाळचं मौन बुडतं.

पैशाचा हिशोब असा मांडा. समजा १२ जण, राहणं-जेवण माणशी रोज १,१०० प्रमाणे दोन दिवसांचे २६,४००. मार्गदर्शकाचं मानधन ८,०००, प्रवास २,५००, कागद-औषधं-किरकोळ १,५००. झाले ३८,४००. माणशी ३,२०० येतात, पण फी ३,५०० ठेवा. दोघं शेवटच्या क्षणी गळले तर जमा ३५,००० आणि खर्च ३४,०००, कुणाच्या खिशाला खार नाही. उरले तर पुढच्या वेळी एकाला फी माफ. निम्मी रक्कम महिनाभर आधी घ्या, दहा दिवस आधीपर्यंत रद्द केलं तर परत द्या, त्यानंतर बदली माणूस दिला तरच. हे जाहिरातीत लिहून टाका, म्हणजे नंतर कुणाशी वाईटपणा नको.

झाल्यावर

शिबिर संपायच्या आधी, सगळे तिथंच असताना, चार आठवड्यांनंतरची तारीख ठरवा. दोन तासांची बैठक, कुणाच्याही घरी, तिथं शिबिरात सुरू झालेलं लेखन दुरुस्त करून आणायचं. ज्यांचं झालं नाही त्यांनीही यायचं आणि कुठं थांबलं ते सांगायचं. पितळेच्या डब्याचा लेख अशाच बैठकीत तिसऱ्यांदा वाचला गेला, त्यात आडनावातल्या चुकलेल्या अक्षराबद्दल एक नवा परिच्छेद आला होता.

आणि एक जाड वही करा, कार्यक्रमांची. प्रत्येक कार्यक्रमाचं एक पान: हॉलची किल्ली कुणाकडे असते, पंख्यांचा आवाज कसा, प्लग कुठल्या भिंतीला, स्वयंपाकाच्या मावशी तिखट किती घालतात, पाहुण्यांना चहा बिनसाखरेचा लागतो का, किती जण आले, किती लिहून गेले. आमची वही रविवारपासून सुरू झाली, पहिली सहा पानं मागचं आठवून भरलीत, सातवं जुलैच्या कार्यशाळेसाठी कोरं ठेवलंय.